फिरते, पण सुरू होत नाही

इ. स. १८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरास आले. सरफोजीराजांची आणि त्यांची भेट झाली, आणि राजाची बहुश्रुतता पाहून ते थक्क झाले. पुढे थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, त्रिचनापल्लीस हेबरांचा अकस्मात अंत झाला. परंतु त्यांच्याबरोबर असलेले पाद्री रॉबिन्सन यांनी राजाच्या ग्रंथालयाचे वर्णन लिहून ठेवले आहे. भोसले घराण्यातील पुरुषांच्या तसबिरी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, ग्रीक व लॅटिन ग्रंथांची कपाटे, मराठी आणि संस्कृत पोथ्या, एवढे सांगून झाल्यावर ते शेजारच्या दालनात वळतात. तेथे हवा ओढून काढणारा एक पंप होता, वीज उत्पन्न करणारे एक यंत्र होते, हस्तिदंताचा केलेला मानवी सांगाडा होता, खगोलाची उपकरणे होती, आणि वैद्यकावरील पुष्कळ ग्रंथ होते.

तंजावरचा विषय निघाला म्हणजे आपण मराठी माणसे सहसा बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ च्या शिलालेखाकडे, मोडी रुमालांकडे किंवा नाटकांकडे वळतो. ते योग्यच आहे. मला मात्र आज त्या शेजारच्या दालनातील दोन यंत्रांविषयी बोलावयाचे आहे, आणि त्यांच्या निमित्ताने एका जुन्या मालमोटारीविषयी. हा सांधा काही श्रोत्यांना ओढूनताणून जुळवल्यासारखा वाटेल. पण तो मी जुळवलेला नाही; इतिहासानेच जुळवला आहे.

हवेचा पंप आणि विजेचे यंत्र ही दोन्ही एकाच माणसापासून सुरू झाली. जर्मनीतील माग्देबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकाच्या मध्याला हवा काढण्याचा पंप तयार केला, आणि पुढे गंधकाचा गोळा फिरवून व हाताने घासून त्यातून वीज काढून दाखविली. पंप म्हणजे काय? एक नळकांडे, त्यात घट्ट बसणारा दट्ट्या, आणि हवेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा. विजेच्या यंत्राचे फळ काय? एक ठिणगी. दीडशे वर्षे ही दोन्ही उपकरणे राजेरजवाड्यांच्या आणि विद्वानांच्या दालनांत कौतुकाने ठेवली गेली. त्यांचा संयोग होऊ शकेल अशी पुसट चाहूल १७७७ च्या सुमारास इटलीच्या व्होल्टाला लागली होती. त्याने एका बंद भांड्यात ज्वालाग्राही वायू भरून तो विजेच्या ठिणगीने उडवून दाखविला. पण त्या स्फोटाने दट्ट्या ढकलावा आणि दट्ट्याने चाक फिरवावे, हे प्रत्यक्षात आणून विकण्यायोग्य यंत्र करण्यास १८६० साल उजाडावे लागले. ते काम पॅरिसमध्ये लेन्वार याने केले. १८७६ मध्ये ओटो याने त्यात एक महत्त्वाची भर घातली: पेटविण्यापूर्वी मिश्रण दाबावयाचे. हवा, इंधन, दाब आणि योग्य क्षणी अग्नी, ही चौकडी तेव्हापासून बसली, ती आजतागायत मोडलेली नाही.

आणि त्याच क्षणी एक नवा रोगही जन्मास आला.

त्याचे नाव कोठल्याही पोथीत नाही. मोटारवाले त्याचे वर्णन करतात ते असे: इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. हा रोग जगात पूर्वी नव्हता. बैलगाडीला तो नव्हता. बैल एक तर चालतो, नाही तर बसतो. वाफेच्या इंजिनालाही तो नव्हता. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६१ मध्ये, नागपट्टणहून तंजावरापर्यंत आगगाडी आली. त्या गाडीचे इंजिन सकाळी तापावयास तास न् तास लागत, हे खरे. पण एकदा बाष्पकात वाफ धरली आणि झडप उघडली, की दट्ट्या पहिल्याच ढकलीला पूर्ण जोराने हलतो. वाफेच्या इंजिनाची शक्ती बाहेर, बाष्पकात, तयार होऊन त्याची वाट पाहत असते. पेट्रोल वा डिझेलचे इंजिन तसे नाही. त्याची शक्ती त्याच्या पोटातच, फिरता फिरता, उत्पन्न व्हावयाची असते. म्हणून त्याला प्रथम परक्याने फिरवावे लागते. माणसाने हँडल मारून फिरवावे, बॅटरीने फिरवावे किंवा दहा जणांनी मिळून गाडी ढकलावी. परंतु फिरविणे निराळे आणि सुरू होणे निराळे. या दोहोंच्या मध्ये जी एक अदृश्य पायरी आहे तिच्यावर इंजिन अडखळते.

या पायरीवर अडखळलेल्या गाडीला रस्त्यात हात घालणारी पहिली नामांकित व्यक्ती कोणी कारागीर नव्हता, एक गृहिणी होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बेर्ता हिने नवऱ्याला न विचारता त्याची तीनचाकी मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरांवरील आपल्या माहेरी, ती गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली. ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील आवरण झिजले. तेथे तिने मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले, तेव्हा औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. मोटारीच्या इतिहासाची पुस्तके ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात. मला तिच्यातील क्रम अधिक लक्षणीय वाटतो. ठिणगी आणि इंधन या दोन संशयितांना तिने त्या एकाच दिवसात ओळखले. आणि आज शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही रस्त्याकाठचा मिस्त्री पेट्रोलच्या गाडीचे बॉनेट उघडतो, तेव्हा त्याचा हात प्रथम याच दोन ठिकाणी जातो.

पुढील काळात या दोन संशयितांचा एकेक करून बंदोबस्त होत गेला. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून अधिक दाबाची वीज देणारा मॅग्नेटो बाहेर पडला आणि ठिणगी भरवशाची झाली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर अमेरिकेत केटरिंग याने विजेचा स्टार्टर बसविला, आणि हँडल मारण्याचे कष्ट हळूहळू संपले. मालमोटारींवर मात्र हँडल पुष्कळ वर्षे टिकून राहिले, आणि हँडलाबरोबर एक विद्याही टिकून राहिली. चार सिलिंडरांचे इंजिन दोन वेळा पुरे फिरविले म्हणजे हाताला चार ठिकाणी अडथळा लागला पाहिजे. तीनच लागले, तर एका सिलिंडरात दाब धरत नाही, झडप जळली आहे किंवा दट्ट्याच्या रिंगा गेल्या आहेत, हे बॉनेट न उघडता कळे. इंजिन उलटा झटका देऊन मनगट मोडू नये, म्हणून हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावयाचा, हेही जुने चालक शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी सांगत. विजेच्या स्टार्टरने मनगटे वाचविली. पण इंजिनाची नाडी पाहण्याची ती एक रीत त्याने हातांतून काढून घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

कावेरीच्या खोऱ्यात मालमोटारीचे महत्त्व खऱ्या अर्थाने वाढले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणाऱ्या दोन वस्तू एकदमच बंद झाल्या: तांदूळ आणि तेल. तांदूळ बंद झाल्यामुळे तंजावरचे भात सर्वांना हवेसे झाले. तेल बंद झाल्यामुळे ते वाहून न्यावयाच्या लॉरीला पेट्रोल मिळेनासे झाले. तेव्हा देशभर बसगाड्यांच्या आणि लॉऱ्यांच्या पाठीमागे लोखंडी पिंपे दिसू लागली. त्यांत कोळसा धुमसत ठेवून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवीत. मदुरेचे टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांच्या उद्योगसमूहाने अशी संयंत्रे तयार केली. त्या गाड्यांची शक्ती कमी होई, चढावर त्या धापा टाकीत, आणि सुरू करणे म्हणजे तर एक विधीच होता. प्रथम विस्तव फुलवावयाचा, वायू जळण्यासारखा झाला की नाही ते पाहावयाचे, जवळ थोडे पेट्रोल असेल तर त्यावर इंजिन उठवावयाचे आणि मग हळूच वायूवर न्यावयाचे. कोळसा ओला असला, एखाद्या सांध्यातून हवा आत शिरली किंवा राखेने जाळी बुजली, की इंजिन फिरे आणि फिरतच राही. युद्ध संपले आणि सैन्याच्या जुन्या गाड्या डिस्पोजलमध्ये विक्रीस निघाल्या. अमेरिकन सैनिकी गाड्यांचे सुटे भाग मिळेनात, म्हणून एकीचे काढून दुसरीस लावणारे कारागीर गावोगाव तयार झाले. आपल्याकडील मिस्त्रीवर्गाची जडणघडण या टंचाईच्या शाळेत झाली, असे माझे मत आहे.

त्याच सुमारास देशात मालमोटारी बांधण्याचे उद्योग उभे राहिले. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. मद्रासजवळ एन्नोर येथील अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड झाले. जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ १९५४ पासून बाहेर पडू लागली. या नव्या मालमोटारींबरोबर डिझेल इंजिनाचा काळ आला. रुडॉल्फ डिझेल याचे यशस्वी इंजिन १८९७ चे. पण त्याला इंधन अचूक मापाने आणि प्रचंड दाबाने देणारा पंप बॉशच्या कारखान्यातून १९२७ मध्ये विपुल प्रमाणात निघू लागला, तेव्हा कोठे ते मालमोटारीवर सुखाने बसले. बंगळूरला १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीने हे पंप पुढे आपल्या देशातच बनविले.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचा बुडखा हाताला गरम लागतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हीच क्रिया डिझेल इंजिनात इतक्या जोराने होते, की हवा सोळा-सतरापट आवळली जाऊन आत शिरलेले तेल आपोआप पेटते. म्हणजे सरफोजीराजांच्या दालनातील दोन यंत्रांपैकी विजेचे यंत्र या इंजिनाने पेटविण्याच्या कामातून रजेवर पाठविले आणि एकट्या पंपाकडून दोघांचे काम करून घेतले. संशयितांची यादी त्यामुळे आखूड झाली, हे खरे. पण जे उरले ते अधिक लबाड आहेत. ठिणगी डोळ्यांना दिसते. नळीतील हवा दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी धान्यखरेदीच्या कामानिमित्त मी तंजावर जिल्ह्यात होतो. ऑक्टोबरचा महिना होता. कुरुवै भाताची कापणी चालू होती आणि ईशान्येचा पाऊस दाराशी आला होता. सरकारी खरेदीत भाताचा ओलावा सामान्य नियमाने १७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. म्हणून या दिवसांत त्या मुलखात आकाश आणि पोती यांखेरीज दुसरे बोलणे नसते. कुंभकोणम रस्त्याला लागून असलेल्या एका खेड्यात पाच-सात लहान शेतकऱ्यांचे भात भरून एक जुनी डिझेल लॉरी उभी होती. सकाळी चालक सेल्फ मारीत होता. इंजिन दमदारपणे फिरत होते, आणि सुरू होत नव्हते. पोत्यांवर एकच ताडपत्री होती, तीही दोन जागी फाटलेली. एक म्हातारी शेतकरीण लॉरीच्या मागील चाकाशी बसून आकाशाकडे पाहत होती. तिची अकरा पोती त्या लॉरीत होती.

बोलाविलेला मिस्त्री सत्तरीच्या घरातील होता. त्याने आल्याबरोबर हत्यारांना हात लावला नाही. माझ्यासोबत असलेले एक तंजावरी मराठी गृहस्थ दुभाषाचे काम करीत होते, त्यामुळे त्याचे प्रश्न मला समजले. काल संध्याकाळी नीट चालत होती का? रात्री कोठे उभी होती, सपाटीवर की बांधाच्या चढावर? डिझेल कोठे भरले, आणि कधी? मग त्याने चालकास पुन्हा सेल्फ मारावयास सांगितले आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. धूर नव्हता. या एका नजरेने त्याने अर्धे इंजिन संशयातून मुक्त केले. पांढरा धूर आला असता, तर तेल पोचते आहे पण पेटत नाही असे ठरले असते. मग दाब, झडपा, इंधन सोडण्याची वेळ यांच्यामागे लागावे लागले असते. धूर मुळीच नाही, त्या अर्थी तेलच पोचत नाही. फिरण्याचा आवाजही एकसारखा होता. लंगडत नव्हता, म्हणजे सर्व सिलिंडर दाब धरीत होते.

नंतर त्याने इंजिन बंद करण्याची तार पाहिली. ही तार ओढलेल्या स्थितीत अडकून राहिली, तर पंप तेल देतच नाही, आणि अशा गाडीवर लोक दिवसदिवस डोके फोडून घेतात. तार ठीक होती. टाकीत तेल होते, टाकीच्या झाकणाचे श्वासाचे भोक उघडे होते. मग त्याने फिल्टरवरचा लहान स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबू लागला. तेलाऐवजी फेस आला. गाडीने हवा धरली होती.

येथे कोणीही हवा काढून, स्क्रू आवळून, गाडी सुरू करून पैसे घेतले असते. याने हवा काढली. पण नंतर तो लॉरीखाली आडवा झाला आणि टाकीपासून पंपापर्यंत येणारी रबरी नळी बोटांनी चाचपीत गेला. एका जोडापाशी नळी वाळून कडक झाली होती, तिला केसासारखी चीर होती. बाहेरून ती अगदी कोरडी होती. चालक म्हणाला, गळत तर नाही. मिस्त्रीने दिलेले उत्तर मला अजून आठवते: या बाजूला पंप तेल ओढून घेतो, ढकलत नाही, म्हणून येथून तेल बाहेर पडत नाही, हवा आत जाते. रात्री गाडी चढावर उभी होती. तेवढ्यात नळीतील तेल खाली उतरून टाकीत परत गेले, आणि त्याची जागा हवेने घेतली. त्याने चिरलेला तुकडा कापून टाकला, उरलेली नळी ओढून जोडावर घट्ट बसविली, पुन्हा हवा काढली. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाने काळ्या धुराचा एक लोट सोडला आणि ते धडधडू लागले. सारे काम चाळीस मिनिटांचे झाले. पाऊस दुपारी आला. तोपर्यंत भात खरेदी केंद्राच्या छपराखाली पोचले होते.

त्यानंतर सरस्वती महाल ग्रंथालयात जाण्याचा योग आला, तेव्हा मला त्या मिस्त्रीची आठवण झाली, ती सरफोजीराजांच्या वैद्यकीय कागदांमुळे. राजांच्या धन्वंतरी महालात रोग्यांवर उपचार होत. १८२७ च्या सुमाराच्या, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी तेथे जपून ठेवलेल्या आहेत. रोगी कोण, तक्रार काय, डोळा कसा दिसतो, उपाय कोणता केला, हे त्यांत लिहिलेले आहे, आणि रोगट डोळ्यांची हाताने रंगविलेली चित्रे सोबत आहेत. आजच्या नेत्रवैद्यांनी त्या नोंदींचा अभ्यास केला आहे, कारण त्या नुसत्या औषधांच्या याद्या नाहीत. पाहिलेल्या लक्षणावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाण्याची धडपड त्यांत उमटली आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसाची धडपड तीच होती. फरक एवढाच, की राजाजवळ लेखक होते, चितारी होते, आणि १८०५ च्या सुमारास त्याने काढलेला देवनागरी छापखानाही होता. मिस्त्रीजवळ यांतले काहीच नव्हते. त्याने आयुष्यात किती इंजिने उठविली असतील, याची एका ओळीचीही नोंद कोठे नाही.

आणि आता ती इंजिनेही जात आहेत. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ चे प्रदूषणनियम लागू झाले. नव्या मालमोटारीत इंधन किती व केव्हा सोडावयाचे हे विद्युत्-मेंदू ठरवितो. हातपंप दाबून आणि स्क्रू सैल करून तिची परीक्षा करावयाची नसते, कारण तिच्या नळ्यांतील दाब माणसाची कातडी भेदण्याइतका भयंकर असतो. तिला तारेने एक यंत्र जोडतात आणि त्याच्या पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. यात वाईट वाटण्यासारखे काही आहे असे मी म्हणत नाही. धूर कमी झाला, तेल कमी लागू लागले, हे लाभ उघड आहेत. पण दोषाचा क्रमांक म्हणजे निदान नव्हे. इंधनाचा दाब कमी आहे एवढे पडदा सांगतो. तो का कमी आहे, हे तो सांगत नाही.

त्या मिस्त्रीचा मुलगा आता गॅरेज पाहतो. त्याच्याजवळ असे यंत्र आहे. मागील खेपेस मी तेथे गेलो, तेव्हा एक नवी मालमोटार फिरत होती, पण सुरू होत नव्हती, आणि पडद्यावर इंधनाचा दाब अपुरा असल्याचा क्रमांक आला होता. मालक नवा पंप किती हजारांना पडेल ते विचारीत होता. मुलाने उत्तर दिले नाही. यंत्राची तार गुंडाळून ठेवली आणि बॅटरी घेऊन तो गाडीखाली गेला. टाकीपासून येणारी नळी तो बोटांनी चाचपू लागला.